काष्ठौषधींच्या खरेदीतील पथ्य

औषधसंग्रह हा वैद्याच्या कर्तव्याचाच भाग आहे, हे आपल्या शास्त्राने कधी दृष्टीआड केलेले नाही. मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात घ्यावीत, त्वचा व कंद शरदात घ्यावेत, असे चरकाचार्यांनी कल्पस्थानात सांगितले आहे. आज आपण रानात जात नाही. व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवतो. परंतु तोडणारा हात दुसऱ्याचा झाला म्हणून आपले उत्तरदायित्व संपत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दशमुळाचेच उदाहरण घेऊ. रिंगणी, डोरली, गोखरू आदी लघुपंचमुळातील वनस्पती लहान आहेत. लागवड केल्यास त्या लवकर हाती येतात. बृहत्पंचमुळातील बेल, ऐरण, टेटू, शिवण व पाडळ हे मात्र वृक्ष आहेत. त्रिफळ्यासाठी फळे वेचली तरी झाड उभे राहते. येथे मुळांबरोबर झाडच जाते. लागवड करणाऱ्यास वर्षानुवर्षे थांबावे लागते, तर रानातून उपटून आणणाऱ्यास केवळ मजुरी व वाहतूक पडते. अशा स्थितीत आपण फक्त दर विचारला, तर प्रामाणिक शेतकरी बाजारात टिकणार कसा?

या घाईचा परिणाम औषधाच्या गुणावरही होतो. मूळ द्रव्य दुर्मिळ झाले की भेसळ वाढते. अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल येते, हे आपण सारे जाणतो. खोल चिरा पाडून डिंक काढल्याने गुग्गुळाची झुडपे मरतात. २०१५ मध्ये या वनस्पतीची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली आहे.

यास्तव आम्ही तीन गोष्टी सुचवितो. प्रत्येक बिलावर द्रव्याचे उगमस्थान, अंग व संग्रहकाळ लिहून मागावा. जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींसाठी उगम प्रमाणपत्राची तरतूद केली आहे. तेही मागण्यास संकोच नसावा. दुसरे, सवलतीच्या मोहाने अनावश्यक साठा करू नये. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधर सांगतात. डब्यात वाया गेलेले चूर्ण म्हणजे वाया गेलेली वनस्पतीच होय. तिसरे, लागवडीच्या मालास थोडा अधिक दर देण्याची तयारी ठेवावी.

महिन्याला पाच किलो माल घेणाऱ्याचे व्यापारी का ऐकेल, असा प्रश्न काही व्यवसायबंधू विचारतील. एकट्याचे तो ऐकणार नाही, हे खरे. म्हणूनच तालुक्यातील दहा वैद्यांनी व औषधशाळांनी वर्षाची मागणी एकत्र नोंदवावी आणि शक्य तेथे शेतकऱ्याशी आगाऊ करार करावा. संघटनेच्या जिल्हा शाखांनी यात पुढाकार घ्यावा. रुग्णास पथ्य सांगणाऱ्यांनी खरेदीतही थोडे पथ्य पाळावे, एवढीच आमची विनंती आहे.