अमेरिकेतून आणलेला सराटा

भारताचं तिकीट काढलं की आमच्याकडे फोन सुरू होतात. पूर्वी यादीत चॉकलेटं, बदाम, परफ्यूम असायचं. आता नात्यातले पुरुष आवाज खाली आणून विचारतात, "अरे, टेस्टोस्टेरॉन वाढवणारं काहीतरी मिळतं ना तिकडे? हर्बल असतं म्हणे."

एकदा नेलं मी. सोलापूरच्या मावसभावाला, बंडूदादाला. त्याला सारखा थकवा यायचा. विमानात बसल्यावर बाटलीवरचं बारीक वाचलं (विकत घेण्याआधी वाचायला हवं होतं, मान्य!). ट्रायब्युलस टेरेस्ट्रिस. म्हणजे गोखरू. म्हणजे आपला सराटा! ज्याने लहानपणी माझ्या सायकलीच्या ट्यूबांची चाळण केली, त्याचाच अर्क डॉलर मोजून मी परत सोलापूरला घेऊन चाललो होतो.

दादाचं म्हणणं असं, आणि तुमचंही तेच असेल, की अमेरिकेत विकतात म्हणजे एफडीएनं पास केलेलं असणार. साफ चूक. 1994 च्या कायद्यानं इथे असल्या गोळ्या औषधात मोडतच नाहीत. विकण्याआधी एफडीएची मंजुरी लागत नाही, गुण येतो हे सिद्ध करावं लागत नाही. उलट, "या दाव्यांची एफडीएनं तपासणी केलेली नाही" असं बाटलीवरच छापावं लागतं. मुंगीच्या अक्षरात छापतात, एवढंच.

बरं, सराट्यानं काही होतं का? 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या 22 रग्बी खेळाडूंवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना पाच आठवडे रोज 450 मिलिग्रॅम अर्क, बाकीच्यांना नकली गोळी. ताकदीत फरक नाही, लघवीच्या तपासणीतही नाही.

"पण माझ्या मित्राला फरक पडला!" पडलाही असेल. 2007 ते 2016 या काळात एफडीएला अशा 776 उत्पादनांत न सांगितलेली औषधं सापडली. व्हायग्रातलं सिल्डेनाफिल, स्टेरॉइड, काय वाट्टेल ते. गुण मुळीचा नव्हे, भेसळीचा!

अश्वगंधेचं थोडं वेगळं आहे. 2019 च्या एका चाचणीत चाळिशीपुढच्या जाड पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन नकली गोळीच्या तुलनेत सुमारे 15 टक्के वाढलं. जाहिराती इथेच थांबतात. त्याच चाचणीत थकवा, उत्साह, लैंगिक समाधान यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, हे कोण सांगणार? आणि तरुण माणसाचं टेस्टोस्टेरॉन सकाळी आठला असतं त्यापेक्षा दुपारी 20-25 टक्क्यांनी कमी भरू शकतं. गोळीआधी दुपारी एकदा आणि गोळीनंतर सकाळी एकदा रक्त देऊन "वाढलं!" म्हणणाऱ्याला आमच्या प्रयोगशाळेत कुणी उभं करणार नाही.

"वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?" हे तर ऐकवतच नाही. अश्वगंधेनं थायरॉइडची पातळी बदलू शकते, काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. डेन्मार्कनं 2023 साली तिच्यावर बंदी घातली. जी वस्तू हार्मोन हलवते ती औषध आहे. जी हलवत नाही ती कशाला गिळायची?

असो. दादानं सहा महिने थकव्यावर सराटा खाल्ला. शेवटी वहिनीनं ओढत लॅबमध्ये नेलं. उपाशीपोटी साखर 280. थकवा तिचा होता, आणि ते सहा महिने मी नेलेल्या बाटलीनं खाल्ले. वहिनी मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिकीट डिसेंबरचं आहे. चॉकलेटं आणतो. बंडूदादाला तीही नाहीत.