हिशेब उलटा फिरवताना



उन्हाळ कांदा चाळीत भरला की घरोघरी एकच प्रश्न असतो : किती भाव आला म्हणजे चाळ फोडायची? निफाड तालुक्यातील एका ओसरीवर हाच हिशेब चालला होता. काढणीच्या वेळचा भाव क्विंटलला 1500 रुपये, चाळीत 100 क्विंटल माल. सड, कोंब आणि वजनातील घट मिळून 25 टक्के कांदा जाईल असा घरच्यांचा अंदाज. घरधनी म्हणाले, "25 टक्के जाणार, मग भावात 25 टक्के वाढवा. 1875 ला आपण सुटलो."

अकरावीतल्या मुलीने पाटीवर गुणाकार केला. "अण्णा, उरणार 75 क्विंटल. 1875 ने झाले 1,40,625. काढणीलाच विकला असता तर दीड लाख आले असते!"

चूक कुठे झाली? 25 टक्के घट म्हणजे मालाला 0.75 ने गुणणे. गुणाकार उलटवायचा तर भागाकारच करावा लागतो. तेवढेच टक्के वाढवून भागत नाही. 1500 ला 0.75 ने भागा, 2000 येतात. शाळेच्या बीजगणितात याला 'व्यस्त फल' म्हणतात. सरळ हिशेब भावावरून पैसे सांगतो, व्यस्त हिशेब हव्या त्या पैशांवरून भाव सांगतो.

आता निवड, भराई व वाहतुकीचे 15,000 रुपये धरा. सरळ हिशेब असा : भाव गुणिले 75, वजा 15,000. उलटताना शेवटची क्रिया आधी सोडवावी. गोणी भरून मग तोंड शिवतो, पण रिकामी करताना आधी शिवण उसवतो, तसेच हे. दीड लाखात आधी 15,000 मिळवा, मग 75 ने भागा. उत्तर 2200. हाच खर्च भरलेल्या 100 क्विंटलवर वाटून कोणी 2150 धरला, तर त्याला 3,750 रुपये कमी पडतील, कारण खर्च विकल्या जाणाऱ्या 75 क्विंटलमधूनच निघायचा आहे.

ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती'त तिला 'व्यस्तविधी' म्हटले. शेवटापासून मागे यावे, गुणाकाराच्या जागी भागाकार, वजाबाकीच्या जागी बेरीज करावी. शिवाय, एखादी रक्कम स्वतःच्या चौथ्या भागाने घटली असेल, तर उरलेल्या रकमेत तिचाच तिसरा भाग मिळवावा, असा नियमही त्यांनी दिला. 1500 त तिसरा भाग 500 मिळवला की 2000. आपल्या शेजारच्या चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात त्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाचा शिलालेख आजही आहे.

खताचेही असेच. युरियात 46 टक्के नत्र असते. युरियावरून नत्र काढताना 0.46 ने गुणा. नत्रावरून युरिया काढताना 0.46 ने भागा. 100 किलो नत्रासाठी सुमारे 217 किलो युरिया लागेल, 146 नव्हे.

मात्र प्रत्येक हिशेब उलटत नाही. नत्र कमी पडले तरी उत्पादन घटते आणि फार झाले तरी घटते. म्हणून नुसत्या उत्पादनावरून खताची मात्रा ओळखता येत नाही. एकाच उत्तरामागे दोन मात्रा असू शकतात. तेथे उपाय एकच : खत टाकाल त्याच दिवशी वहीत नोंद करा.

चाळ फोडण्यापूर्वी आपल्या घरचे आकडे घेऊन हा हिशेब मांडा. आलेला भाव पुन्हा सरळ हिशेबात घालून पाहा. ठरवलेली रक्कम परत मिळाली तरच तो बरोबर. आकडेमोड मुलांकडून करून घ्या. भाव आपल्या हातात नाही. पण कोणत्या भावाला आपण तोट्यात आहोत, हे बाजारात जाण्यापूर्वी कळणे आपल्याच हातात आहे.