अंतराळातला पहिला बाप कोण?



अंतराळात गेलेली पहिली आई म्हणून अमेरिकेच्या डॉ. ॲना फिशरचे नाव घेतले जाते. पहिला बाप कोण, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. युरी गागारिन 12 एप्रिल 1961 रोजी उडाला तेव्हा त्याची धाकटी लेक जेमतेम महिन्याची होती. ‘बाळाला सोडून कसा गेलास?’ असे त्याला कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात शाळकरी ॲनाने ॲलन शेपर्डच्या उड्डाणाचे वर्णन रेडिओवर ऐकले आणि आपणही जायचे असे मनाशी धरले. तेव्हा अमेरिकेचे सगळे अंतराळवीर लष्करी वैमानिक, म्हणजे पुरुषच होते. तिने वैद्यकीचा रस्ता धरला. 1976 मध्ये ती डॉक्टर झाली, तातडीच्या रुग्णसेवेत काम करू लागली. जानेवारी 1978 मध्ये नासाने प्रथमच स्त्रियांची निवड केली. 35 जणांत 6 स्त्रिया होत्या. त्यांत ॲना आणि ऱ्हिया सेडन या दोघी डॉक्टर.

1983 मध्ये उड्डाणासाठी ॲनाचे नाव ठरले तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. 29 जुलैला, शुक्रवारी, तिला मुलगी झाली. सोमवारी ती नेहमीच्या बैठकीला हजर! नोव्हेंबर 1984 मध्ये सव्वा वर्षाच्या लेकीला घरी ठेवून ती ‘डिस्कव्हरी’ यानातून गेली. भरकटलेले दोन उपग्रह पकडून परत आणण्याच्या त्या मोहिमेत यानाचा यांत्रिक हात तिने चालवला.

वाचताना अभिमान वाटतो. पण तो सोमवार मला खटकतो. त्याचे कौतुक करताना आपण काय मान्य करतो? आई झाल्याने कामात काही फरक पडत नाही, हे बाईनेच सिद्ध करायचे. संस्थेने काही बदलायचे नाही. आपल्याकडची ऊसतोड मजूर बाईही बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत फडात उभी राहते, कारण उचल फेडायची असते आणि खाडा परवडत नाही. तिचे कौतुक मात्र होत नाही.

याच्या उलट टोकाचा नियमही आपण पाहिला आहे. एअर इंडियात पहिल्या गरोदरपणालाच हवाई सुंदरीची नोकरी जात असे. नर्गेश मिर्झा आणि तिच्या सहकारी न्यायालयात लढल्या, तेव्हा 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. म्हणजे एकतर आई होऊ नका, नाहीतर झालात हे कामावर कळू देऊ नका!

ॲनाचे दुसरे उड्डाण ठरले होते. जानेवारी 1986 मधल्या ‘चॅलेंजर’च्या अपघातानंतर ते राहूनच गेले. दुसऱ्या मुलीच्या वेळी, 1989 मध्ये, तिने दीर्घ रजा घेतली. 1996 मध्ये ती परतली आणि 2017 पर्यंत नासात काम करत राहिली. तिच्या उड्डाणाइतकीच मला ही परतीची वाट मोलाची वाटते. ती एकट्या गुणवान डॉक्टरसाठी नव्हे, फडातल्या बाईसाठीही हवी: पगारी रजा, कामाजवळ पाळणाघर, परत आल्यावर तेच काम. आणि बापालाही मुलासाठी रजा, म्हणजे प्रश्न दोघांनाही विचारता येईल.

तुमच्या गटात यावर काय बोलणे होते, ते जरूर कळवा.