विषाद आणि त्वरित गुण देणारें औषध

श्रीज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें आमच्याच नगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील नेवासें येथें ज्या गीतेवर टीका सांगितली, तिचा पहिला अध्याय विषादाचा आहे. अर्जुनाचा विषाद उपदेशानें गेला. म्हणून घरांत कोणी महिनोन् महिने खिन्न राहिला, अन्नावरची वासना व झोंप उडाली, तर त्यासही चार शब्द सांगितले कीं पुरे, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तीव्र विषाद हा रोग आहे, व रोगास औषध पाहिजे.

नेहमींच्या गोळ्या मेंदूंतील सेरोटोनिनादि द्रव्यांवर काम करतात. पण त्यांचा गुण दिसण्यास कित्येक आठवडे लागतात. ज्याला आजची रात्रच जड जात आहे, त्याला हा काळ फार मोठा. म्हणूनच केटामाइनकडे वैद्यांचें लक्ष गेलें. हें औषध अमेरिकेंत १९६२ सालीं तयार झालें व भूल देण्यासाठीं जगभर वापरांत आलें. इ. स. २००० मध्यें तेथील एका लहानशा प्रयोगांत, भुलेस लागते तिच्याहून पुष्कळ कमी मात्रा शिरेंतून दिली असतां, विषादग्रस्तांस तीन दिवसांच्या आंत उतार पडला.

हें कसें घडतें? मज्जापेशी ग्लुटामेट नांवाच्या द्रव्याच्या द्वारें एकमेकींस निरोप पोंचवितात. केटामाइन त्या निरोपाचें एक द्वार कांहीं काळ अडवितें. त्यामुळें आवर घालणाऱ्या पेशी शिथिल होऊन ग्लुटामेटाचा ओघ वाढतो व पेशींस पोषक द्रव्यें निर्माण होतात, असें अनेक तज्ज्ञांचें मत आहे. २०१९ सालीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, ताणामुळें मेंदूच्या अग्रभागांतील पेशींचे सूक्ष्म अंकुर गळाले होते. औषधानंतर त्यांतले कांहीं पुन्हां फुटले. विशेष हें कीं, उंदरांचें वागणें आधीं सुधारलें व अंकुर मागाहून आले. परंतु ते नवे अंकुर नाहींसे केल्यावर आलेला गुण टिकला नाहीं. उठून बसणें निराळें आणि पायांवर उभें राहणें निराळें, तसेंच हें आहे.

माणसांतही एका मात्रेचा गुण बहुधा आठवड्याभरांत ओसरूं लागतो. शिवाय भ्रम होणें, रक्तदाब वाढणें, सवय जडणें हे धोके आहेतच. याच जातीचें नाकांत फवारण्याचें औषध अमेरिकेंत २०१९ मध्यें मान्य झालें, तेव्हां प्रत्येक मात्रेनंतर रोग्यास निदान दोन तास देखरेखीखालीं ठेवण्याची अट घातली गेली. तेव्हां हें काम मानसोपचारतज्ज्ञांचें व रुग्णालयांतलें; घरगुती नव्हे.

कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें एवढेंच. गोळ्यांचा गुण येईपर्यंत धीर धरावा, आणि गुण आला म्हणून त्या परस्पर बंद करूं नयेत. रोग्यानें मरणाची भाषा काढल्यास, लोक काय म्हणतील हा विचार न करतां, त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. सरकारची 'टेलि-मानस' दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते. तोंवर त्यास क्षणभरही एकटें ठेवूं नये; एकत्र कुटुंबांत पाळीपाळीनें जवळ बसावयास माणसांची वाण नसते.