शजरा आणि थुंकीची चाचणी

“डीएनए चाचणी केली तर आम्ही खरे सय्यद आहोत की नाही हे कळेल का?” पुण्यातल्या एका ओळखीच्या तरुणाने मला विचारलं. लग्नाची बोलणी चालू होती आणि मुलीकडच्यांनी शजरा मागितला होता. शजरा म्हणजे वंशावळ. जुन्या कागदावरचा शजरा संशयास्पद वाटू लागला की आता प्रयोगशाळेचा अहवाल हवासा वाटतो. म्हणून ही चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळतं. आडनावही तसंच पुढे जातं. त्यामुळे एका आडनावाच्या पुरुषांचे वाय ताडून पाहिले, तर त्यांचा मूळपुरुष एक होता का याचा अंदाज येतो. ब्रायन साइक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने २००० साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांवर हा प्रयोग केला. जवळजवळ निम्म्यांचा वाय एकाच प्रकारचा निघाला. पुढे लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी चाळीस ब्रिटिश आडनावं तपासली. दुर्मिळ आडनावांत नातं दिसलं. ‘स्मिथ’ या आडनावात मात्र दिसलं नाही. स्मिथ म्हणजे लोहार. गावोगावच्या लोहारांना तेच नाव पडलं, त्यांचा खापरपणजोबा एक असण्याचं कारणच नव्हतं.

आपली बहुतेक आडनावं या स्मिथच्या जातीची आहेत. आत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, शिकलगार ही कामांची नावं. मुलाणी आणि मुजावर ही गावातल्या आणि दर्ग्यातल्या सेवेची. पाटील, देशमुख, इनामदार ही वतनाची, म्हणून ती हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही. शेख हे तर मुळात आदराचं संबोधन. पुण्यातल्या शंभर शेखांचे वाय तपासले, तर एक खानदान निघणार नाही, एक शहर निघेल.

मग सय्यद? ते तर थेट पैगंबरांच्या घराण्याशी नातं सांगतात. २०१० साली भारत-पाकिस्तानातल्या, स्वतःला सय्यद म्हणवणाऱ्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सय्यद आणि त्यांच्यासारखा अरबी वंश सांगणाऱ्या गटांत अरबांशी जवळीक शेजाऱ्यांपेक्षा थोडी जास्त आढळली. पण सय्यदांचा नजीकच्या काळातला एकच मूळपुरुष काही सापडला नाही. त्यांच्यातलं वैविध्य आसपासच्या इतर लोकांइतकंच निघालं. ज्या पैगंबरांचं नाव घेऊन आपण तांबोळ्याच्या मुलीचं स्थळ नाकारतो, त्यांनीच शेवटच्या खुतब्यात अरबाला गैर-अरबावर श्रेष्ठत्व नाही असं बजावलं होतं. त्यासाठी चाचणीची गरज नव्हती.

त्याच वर्षी भारतातल्या सहा मुस्लिम समूहांचा दुसरा एक अभ्यास आला. त्यानुसार आपलं बहुतांश रक्त शेजारच्या हिंदूंसारखंच आहे, पश्चिम आशिया आणि आफ्रिकेच्या खुणा थोड्या आहेत. ‘तुम्ही बाहेरून आलात’ म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष दाखवण्याचा मोह मलाही होतो. पण मी तो दाखवणार नाही. उद्या एखाद्याच्या अहवालात इराण निघालं, तर त्याचा पुण्यावरचा हक्क कमी होतो का? खानदानाचा तोरा आणि ‘बाहेरचे’ हा टोमणा, दोन्ही एकाच चुकीवर उभे आहेत. माणसाची जागा रक्तावरून ठरते, ही ती चूक.

चाचणी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचं उदाहरण घ्या. पुण्यातही त्यांची जुनी वस्ती आहे आणि त्यांची आडनावं कोकणातल्या गावांवरून पडलेली आहेत. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात त्यांचे पूर्वज ज्यूही निघाले आणि भारतीयही. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आठवणीला आधार मिळाला आणि इथल्या मातीशी असलेलं नातंही दिसलं. कोकणी मुसलमानांतही गावावरून ‘कर’ लागलेली आडनावं आहेत. एका गावातून मुंबई, आफ्रिका, इंग्लंड असे पांगलेले भाऊबंद पुन्हा शोधायचे असतील, तर वाय चाचणी कामाची आहे. नातं शोधायला ती चांगली. दर्जा ठरवायला नाही.

तिची मर्यादाही ध्यानात ठेवा. दहा पिढ्या मागे आपल्या वंशवृक्षात १०२४ जागा असतात. वाय त्यातल्या एकाच पुरुषाबद्दल बोलतो. आजी, पणजी आणि त्यांचे बाप तिथे गप्पच राहतात.

माझ्या घरचं सांगतो. कागदावर आम्ही शेख, पण आजोबांना सगळे तांबोळी म्हणून ओळखत. शाळेत नाव घालताना ‘शेख’ लागलं आणि तेच चिकटलं. पुढे घरातल्या मुलांना ओबीसी दाखला हवा होता, तेव्हा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागला. तो कुठल्या थुंकीत सापडला नसता. एका चुलत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘तांबोळी’ ही नोंद सापडली आणि काम झालं. शेख-सय्यद लिहिण्याच्या हौसेपायी किती घरांनी आपल्याच मुलांची वाट अडवून ठेवली आहे, याचा विचार व्हायला हवा.

आणखी एक सावधगिरी. चाचणी एकट्याची होते, पण माहिती सगळ्या भावकीची जाते. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकन कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. धर्म विचारून घर भाड्याने देणाऱ्या काळात आपली वंशमाहिती कुणाच्या हाती पडेल, याचा विचार आपण तरी करायलाच हवा.

खानदान शोधायचंच असेल तर आधी घरातल्या ट्रंका उघडा. खरेदीखतं, सनदा, शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहा. मोडी वाचणारा गाठा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. आजोबांनी पानं विकली की तलवारींना धार लावली, हे तिथल्या किंवा घरच्या एखाद्या कागदावर सापडलं तर लपवू नका. निकाहाच्या बायोडेटात ते अभिमानाने लिहा.