पीएचडी करून दिवे लागतात, पण तेल कोण घालणार?

८ ऑक्टोबर २०२५ ला रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले आणि संध्याकाळपर्यंत आपल्या जवळपास सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ओमर याघी यांचा फोटो फिरला. माशाअल्लाह, मुबारक, दुआ. जपानचे सुसुमु कितागावा आणि ऑस्ट्रेलियातले रिचर्ड रॉबसन हे दोघेही त्याच नोबेलचे मानकरी, पण आपल्याकडे फोटो एकाचाच फिरला. त्यात वावगे काही नाही. याघी यांचा जन्म १९६५ चा, जॉर्डनमधल्या अम्मान शहरातला. घर पॅलेस्टिनी निर्वासितांचे, वडिलांचे मटणाचे दुकान, राहायला एक खोली आणि त्याच खोलीत जनावरेही. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्यांना शिकायला अमेरिकेत पाठवले. आज ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या प्रयोगशाळेत असे पदार्थ तयार करतात, ज्यांच्या पोटात अणूंच्या मापाची असंख्य भोके असतात. १९९९ मध्ये त्यांनी तयार केलेल्या एका पदार्थाच्या दोन-तीन ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो. त्यांच्या चमूने अशा पदार्थांच्या मदतीने वाळवंटातल्या हवेतून पिण्याचे पाणी काढून दाखवले. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाशीम जिल्ह्याच्या माणसाला याचे महत्त्व वेगळे समजावायला नको.

मुबारकबाद देऊन झाली. आता प्रश्न असा की किन्हीराजाच्या शाळेतल्या एखाद्या मुलीला अशा प्रयोगशाळेपर्यंत जायचे असेल तर वाट कुठून जाते? (आमचे किन्हीराजा मालेगाव तालुक्यात येते. मालेगाव म्हटले की लोकांना नाशिकचेच आठवते, आमचे वाशीमचे.) बर्कले राहू द्या. आपल्याच राज्यात, मराठी बोलणाऱ्या शिक्षकांनी उभ्या केलेल्या प्रयोगशाळा आहेत आणि त्यांच्याबद्दल आपल्या घरांमध्ये जवळजवळ काहीच माहिती नसते.

पदार्थविज्ञानातल्या या शाखेला मटेरियल सायन्स म्हणतात. वर्गात समजावताना मी कल्हईवाल्याचे उदाहरण देते. आजच्या मुलांनी कल्हईवाला बघितलेला नसतो, पण आज्यांना विचारले की त्या सांगतात: भट्टी, भाता, नवसागराचा धूर, आणि तापलेल्या तांब्याच्या पातेल्यावर कापसाच्या बोळ्याने पसरलेले कथील. पातेले तांब्याचेच राहते, पण वरच्या त्या पातळ थरामुळे त्याचा गुण बदलतो. आता आंबट वरण त्यात कळकत नाही. जाड वस्तूवर दुसऱ्या पदार्थाचा अगदी पातळ थर चढवून तिला नवे काम करायला लावायचे, हीच ‘थिन फिल्म’ची कल्पना. सोलर सेल, मोबाईलचा पडदा, गॅस ओळखणारा सेन्सर, सगळीकडे असे थर असतात, केसापेक्षा शेकडो पट पातळ. गंमत म्हणजे सोलर सेलच्या काचेवर जो पारदर्शक आणि वीज वाहून नेणारा थर देतात, तो बऱ्याचदा कथिलाच्याच ऑक्साइडचा असतो.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे नाव जगात गेले ते या कामामुळे. १९६२ मध्ये स्थापन झालेले हे राज्य सरकारचे विद्यापीठ. परदेशात असे थर चढवायला हवा काढून टाकलेल्या मोठमोठ्या यंत्रांचा वापर होत होता. ती यंत्रे कोल्हापूरला परवडणारी नव्हती. मग तिथल्या भौतिकशास्त्र विभागातल्या चंद्रकांत लोखंडे, प्रमोद पाटील यांच्यासारख्या प्राध्यापकांनी स्वस्तातल्या रासायनिक पद्धतींवर भर दिला. एक पद्धत फवाऱ्याची: तापलेल्या काचेवर क्षारांचे द्रावण बारीक फवारायचे, पाणी उडून जाते, थर मागे राहतो. दुसरी आणखी साधी. चार चंचुपात्रे घ्या. पहिल्यात धातूच्या क्षाराचे द्रावण, दुसऱ्यात शुद्ध पाणी, तिसऱ्यात गंधकाचे द्रावण, चौथ्यात पुन्हा पाणी. काचपट्टी या चारांत क्रमाने बुडवायची. एका फेरीत अतिशय पातळ थर बसतो, मग पुन्हा बुडवायची, पुन्हा. जितक्या फेऱ्या तितका थर जाड. रंगारी कापडाला बुडव्यावर बुडवा देऊन रंग चढवतो, तसेच. या पद्धतीवर २००४ मध्ये ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ या भारतीय नियतकालिकात एक मोठा आढावा लेख आला, तो जगभरातल्या संशोधकांनी वापरला. लेखकांची नावे दोन: एच. एम. पठाण आणि सी. डी. लोखंडे. पठाण म्हणजे हबीब पठाण, आता पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. लोखंडे यांच्याबरोबर असाच एक आढावा लेख २००० मध्ये राजाराम माने यांनी लिहिला होता. ते पुढे नांदेडच्या विद्यापीठात गेले. नांदेड तर आपल्या शेजारचेच.

याघींचा फोटो फॉरवर्ड करणाऱ्या किती लोकांनी हबीब पठाण हे नाव ऐकले असेल? यात लोकांना दोष देण्यापेक्षा मी आम्हा शिक्षकांकडे आणि आपल्या वर्तमानपत्रांकडे बोट दाखवीन.

कोल्हापुरात तयार झालेले कितीतरी संशोधक पुढे दक्षिण कोरियाच्या विद्यापीठांत गेले. कोरियाने त्यांना जागा दिली, कारण तो देश आपल्या उत्पन्नाचा सुमारे ५ टक्के भाग संशोधनावर घालतो. भारताचा आकडा आहे ०.६४ टक्के. या प्रयोगशाळांची कमजोर बाजूही सांगायला हवी. शोधनिबंध शेकडोंनी निघाले, पण त्यातून कारखान्यापर्यंत पोहोचलेली वस्तू फारच थोडी. आज घराच्या छतावर तीन किलोवॅटचे सोलर बसवले तर केंद्राकडून ७८ हजार रुपये सबसिडी मिळते, पण त्या पॅनलमधल्या सेलसाठी देश अजून मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहे. विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि मग संशोधनाचा उपयोग काय म्हणून विचारायचे, हा प्रकार मला पटत नाही.

आणि असे विचारले गेले आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल केला. राज्यभर विद्यार्थी चिडले. मला त्या वाक्यात वेगळेच दिसले. या प्रयोगशाळांमध्ये पीएचडीची मुले अक्षरशः दिवे लावण्याचेच काम करतात. फक्त दिव्याला तेल लागते आणि आपल्या मुलांसाठी ते तेल आणखी एका ठिकाणी बंद झाले आहे.

सच्चर समितीच्या अहवालानंतर २००९ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. सहा अल्पसंख्याक समाजांच्या एम.फिल., पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यात ३० टक्के जागा मुलींसाठी. ८ डिसेंबर २०२२ ला लोकसभेत अल्पसंख्याक मंत्री स्मृती इराणी यांनी सांगितले की २०२२-२३ पासून ही योजना बंद. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ जणांची निवड झाली आणि ७३८.८५ कोटी रुपये वाटले गेले. बंद करण्याचे कारण दिले गेले की इतर योजनांमधून हेच लाभ मिळतात, दुहेरी होते.

सरकारचा हा युक्तिवाद पूर्ण खोटा नाही. नेटमधून मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप सगळ्यांना खुली आहे आणि महिन्याला ३७ हजार रुपये देते. एका विद्यार्थ्याला दोन ठिकाणांहून पैसे घेता येत नव्हतेच. पण दुहेरी लाभ घेता येत नसेल तर योजना बंद करून दुहेरीपणा थांबला असे कसे म्हणायचे? थांबल्या त्या जागा. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या सरकारी सर्वेक्षणात मुस्लिम विद्यार्थी एकूण विद्यार्थ्यांच्या ४.६ टक्के होते, लोकसंख्येत १४.२ टक्के असताना. आदल्या वर्षीपेक्षा ही संख्या १ लाख ७९ हजारांनी घटली होती. त्यानंतर दोन वर्षांच्या आत ही फेलोशिप गेली. ज्यांची आधीच निवड झाली होती त्यांचे पैसेही २०२५ मध्ये महिनोन्महिने रखडले. प्रयोगशाळेत हे जास्त जाणवते. इतिहासाचा विद्यार्थी घरी बसून थोडे वाचेल तरी, पण थर चढवणाऱ्याला रोज प्रयोगशाळेत जावे लागते, शहरात खोली घ्यावी लागते, नमुने तपासायला फी भरावी लागते. हमाली करणाऱ्या किंवा ट्रक चालवणाऱ्या बापाने पाच वर्षे हे कसे ओढायचे? मुलगी असेल तर पैसे थांबले की पहिले वाक्य ठरलेले: बस झाली तालीम, आता लग्नाचे बघू.

वाशीम हा नीती आयोगाच्या यादीतला आकांक्षित जिल्हा. इथून विज्ञानाची पदवी घेणारी मुले बहुतेक संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना बी.एस्सी.ला पहिला धक्का भाषेचा बसतो. ‘केशाकर्षण’ शब्द उर्दूत वेगळा, मराठीत वेगळा, पुस्तकात इंग्रजीत. पण ज्या मुलाला तीन भाषांत एकच कल्पना कळते, त्याला ती पक्की कळते, हा माझा अनुभव आहे.

आता काय उरले आहे ते घरात माहीत असू द्या. भौतिक आणि रसायनशास्त्राच्या मुलांसाठी सीएसआयआर-नेट परीक्षा आहे, त्यासाठी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासूनच तयारी लागते. ज्यांची बिरादरी राज्याच्या ओबीसी यादीत आहे, त्या मुस्लिम विद्यार्थ्यांना महाज्योतीच्या पीएचडी फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी वेळेवर करून ठेवा, आपली मुले इथेच मागे पडतात. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी राज्याने २०२४ मध्ये मार्टी ही संस्था मंजूर केली, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. तिच्याकडे फेलोशिपच्या किती जागा असतील, त्यात विज्ञानाच्या किती, हे आपल्या आमदारांना लेखी विचारले पाहिजे. आपल्या जमातीच्या कमिट्या दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार दणक्यात करतात, ट्रॉफी, हार, स्टेज. त्यातलीच थोडी रक्कम एम.एस्सी.च्या एका मुलीच्या खोलीभाड्यासाठी बाजूला काढायला कुठल्या मंत्र्याची परवानगी लागत नाही.