सहलीला निघताना आडनाव घरी ठेवू नका

मे महिना लागला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारची कुजबुज सुरू होते. पहिली कार्यकर्त्यांची: "इकडे चळवळ मरणपंथाला लागली आणि यांना समुद्र बघायचाय." दुसरी घराघरातली: "गाडीच्या काचेवरचं 'जय भीम' काढून ठेवा. रूम ऑफिसातल्या मित्राच्या नावावर बुक करा. पोरांना सांगून ठेवा, कोणी आडनाव विचारलं तर नुसतं 'आम्ही मुंबईचे' म्हणायचं." पहिल्या कुजबुजीला थोडक्यात उत्तर देतो. दुसरी मात्र घातक आहे आणि हा लेख तिच्याविरुद्ध आहे.

सहल म्हणजे मध्यमवर्गीय चैन, असे म्हणणाऱ्या साथींना एकच विचारतो. आपले पूर्वज रस्त्यावर कधी नव्हते? कायम होते. सरकारी टपाल पोचवायला होते, साहेबाच्या घोड्यापुढे धावायला होते, वाटसरूला वाट दाखवायला होते, गावातल्या मयताची बातमी परगावी न्यायला होते. रस्ता त्यांच्या पायाखाली होता, पण प्रवास दुसऱ्याचा होता. स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या पैशाने, म्हातारी माणसे आणि पोरेबाळे घेऊन, केवळ आनंदासाठी घराबाहेर पडणे ही आपल्या समाजाच्या इतिहासात नवी गोष्ट आहे. ती लढून मिळालेली आहे. तिला चैन म्हणून हिणवू नका.

आता दुसरी कुजबुज. तिला उत्तर खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मकथनातले तीन प्रवास बघा. तिन्ही प्रवासांत ओळख लपवण्याचा प्रयत्न झाला. तिन्ही वेळा काय झाले ते आपण नीट वाचत नाही.

पहिला प्रवास १९०१ चा, उन्हाळी सुट्टीतला. रामजी सुभेदार खटाव तालुक्यात कॅशियर होते. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. त्यांनी साताऱ्याला पत्र पाठवले, सुट्टीत इकडे या. नऊ वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची मुले नवे कपडे, नव्या टोप्या, नवे जोडे घालून आगगाडीने मसूरला उतरली. मुले येत असल्याचा निरोप वडिलांपर्यंत पोचलाच नव्हता, त्यामुळे स्टेशनवर न्यायला कोणी नव्हते. चांगल्या घरची मुले दिसतात म्हणून स्टेशन मास्तरने चौकशी केली. मुलांनी निरागसपणे "आम्ही महार" म्हणून सांगितले आणि मास्तरचा चेहरा बदलला. स्टेशनबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, दुप्पट भाडे द्यायची तयारी होती, तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे.

डबा भरलेला होता, पाणी नव्हते. वाटेत जे पाणी सापडले ते चिखलाचे आणि गुराढोरांच्या मलमूत्राचे. रात्री डोंगराच्या पायथ्याशी टोलनाका लागला. गाडीवानाने आधीच बजावले होते, मुसलमान म्हणून सांगा. भीमरावाने उर्दूत पाणी मागितले. उत्तर मिळाले, पाणी डोंगरावर आहे, हवे तर तिथून आणा. मुले उपाशी, तहानलेली झोपली. बाप हजारो लोकांसाठी खोदल्या जाणाऱ्या तलावाच्या पैशांचा हिशेब ठेवत होता आणि त्याची मुले पाण्याच्या घोटासाठी खोटे बोलत होती. खोटे बोलूनही पाणी मिळाले नाही, हे विसरू नका.

दुसरा प्रवास बडोद्याचा. अमेरिका आणि इंग्लंड पाहून आलेले उच्चशिक्षित बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यात उतरले. राहायला जागा नाही म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर काढले.

तिसरा प्रवास १९३४ चा, आणि ही खरोखरची सहल होती. चळवळीतले तीसेक सहकारी वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले. अस्पृश्य म्हणून कळले की उतरायला जागा मिळत नाही, म्हणून वाटेत ओळख उघड करायची नाही असे ठरले होते. दौलताबादच्या किल्ल्याच्या दारात पाण्याने भरलेले तळे होते. धुळीने माखलेल्या काहींनी तोंड-पाय धुतले. लगेच एक म्हातारा ओरडत आला, धेडांनी तळे बाटवले. जमाव जमला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. आतल्या पाण्याला यांनी हात लावू नये म्हणून.

नऊ वर्षांचा मुलगा, परदेशात शिकलेला विद्वान आणि देशाला ठाऊक असलेला नेता. तीन वयांत, तीन ठिकाणी लपवणे फसले. म्हणजे दोष लपवणाऱ्याच्या हुशारीत नव्हता. जातीची यंत्रणाच अशी की ती माणसाचा माग काढते, चौकशी करते आणि शेवटी सापडवते. लपवून फार तर एक रात्र निघते, हक्क मिळत नाही.

पाणी मिळाले ते कुठे? महाडला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले तेव्हा कोणी मुसलमान झाले नव्हते, कोणी पारशी झाले नव्हते. जे होते ते म्हणूनच ओंजळ भरली. नंतर डोकी फुटली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, कोर्टकज्जे चालले आणि १९३७ मध्ये हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. उघड केलेला दावा टिकला.

कोणी म्हणेल, मग महाडनंतर सात वर्षांनी बाबासाहेबांनी ओळख का लपवली? कारण तेव्हा खोलीचे दार बंद झाले तर ठोठावायला दुसरे दार नव्हते. निजामाच्या राज्यात कुठला कायदा दाखवणार होते? ज्याला लपावे लागले त्यानेच पुढे असे संविधान घडवले की पुढच्या पिढीला लपावे लागू नये. कलम १५ चा दुसरा भाग काढून वाचा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. मसूरचा रस्ता, बडोद्याची खोली, दौलताबादचे तळे, सगळे त्या यादीत आले आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात 'हॉटेल' या शब्दात लॉजिंग-बोर्डिंगही येते. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे "तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला कसला कायदा" हा युक्तिवाद कोणी ऐकवला तर ऐकून घेऊ नका.

आता सवर्ण मित्रांचा लाडका मुद्दा: "हायवेवर कुठे आलीय जात?" टोलनाक्यावरचा फास्टॅग आडनाव विचारत नाही, हे खरेच. पण टोलनाक्याच्या पुढे कुठेतरी जेवायचे असते, झोपायचे असते. गेल्या मे महिन्यात आम्ही चौदा माणसे दोन गाड्यांतून मालवणकडे निघालो. त्यात पाच मुले, सर्वांत लहान तीन वर्षांचे. समुद्राकाठच्या एका घरगुती निवासाच्या मालकाशी फोनवर सगळे ठरले होते. दर, खोल्या, मासे, सगळे. मग आडनाव झाले. मग "गाव कुठलं?" मग "वाडी कुठली?" कोकणात वाडी विचारली की पुढचे विचारायची गरज उरत नाही. रात्री निरोप आला, खोल्या भरल्या.

घरात वाद पेटला. काका म्हणाले, "पोरं सोबत आहेत बाबा. पुढच्या ठिकाणी दुसरं नाव सांग. दोन रात्रींचा तर प्रश्न." काकांची भीती खोटी नव्हती, तिच्यामागे आयुष्याचा अनुभव होता. पण वहिनी म्हणाली, "दोन रात्री पोरांना काय नावाने हाक मारायची ते पण ठरवा मग." पुढचा फोन पूर्ण नावाने केला. त्या घरच्या बाईंनी एवढेच विचारले, "पोरां किती आसत? तिखाट कमी घालूचा काय?" सगळा कोकण सारखा नाही. पण आपण खरे नाव सांगितल्याशिवाय कोण कसा हे कळणार कसे?

समाजशास्त्र शिकलेल्यांना अर्व्हिंग गॉफमनचे १९६३ चे 'स्टिग्मा' आठवेल. कलंक लपवून वावरणाऱ्याला प्रत्येक क्षणी माहिती सांभाळावी लागते, कोणाला काय सांगितले, कोणासमोर काय बोलायचे नाही. मोठ्या माणसाला हे ओझे कसेबसे पेलते. मुलाच्या डोक्यावर ठेवले तर ते सुट्टीतून एकच धडा घेऊन परतते: आपल्यात काहीतरी लाज वाटण्यासारखे आहे. शाळेतल्या जातिवाद्याला जे वर्षभरात जमत नाही ते आपण आठ दिवसांच्या सहलीत करून टाकतो.

अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांनी हा प्रश्न कसा सोडवला बघा. हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ मध्ये 'नीग्रो मोटारिस्ट ग्रीन बुक' काढले. काळ्या प्रवाशाला कुठे खोली, कुठे जेवण, कुठे पेट्रोल मिळेल याची ती यादी. एक दिवस या पुस्तकाची गरज उरणार नाही, अशी आशा त्यातच छापलेली असे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला आणि थोड्याच वर्षांत ते बंद झाले. काळ्या माणसाला कातडी लपवता येत नव्हती, म्हणून त्याने आपल्या माणसांचे जाळे उभारले. आपल्याला आडनाव लपवता येते, म्हणून आपण जाळे उभारत नाही. लपवण्याची ही सोयच आपला सापळा झाली आहे.

कुडाळहून नेरूरपारमार्गे मालवणकडे जाताना धामापूरचा तलाव लागतो. सभोवती गर्द झाडीचे डोंगर, काठावर भगवतीचे देऊळ, मे महिन्याच्या काहिलीतही डोळे निवतील असे पाणी. विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई याने १५३० मध्ये तो बांधला असे सांगतात. २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून त्याला मान्यताही मिळाली. लोक एक दंतकथा मोठ्या प्रेमाने सांगतात: लग्नासाठी दागिने हवे असले की तलावात परडी सोडायची, दागिने मिळायचे, पुढे कोणीतरी ते परत केले नाहीत आणि देणे थांबले. मुलांना कथा आवडली. माझा प्रश्न वेगळा आहे. ही परडी कोणाच्या लग्नासाठी तरंगत होती? बांधणाऱ्या मांडलिकाचे नाव पाचशे वर्षे टिकले, डोक्यावरून माती वाहणाऱ्यांपैकी एकाचेही टिकले नाही. म्हणूनच अशा तळ्याच्या काठावर आपल्या मुलांनी आपल्याच नावाने बसले पाहिजे, मोठ्याने हसले पाहिजे, एकमेकांना हाका मारल्या पाहिजेत. दागिने नकोत. ज्या संविधानाने हे पाणी सर्वांचे केले, तेवढे पुरे आहे.

तेव्हा तरुण साथींनो, या सुट्टीत काय करायचे ते सरळ सांगतो.

बुकिंग खऱ्या, पूर्ण नावाने करा, आणि लेखी करा. मेसेजवर दर, तारीख, माणसे, सगळे. आडनावानंतर नकार आला तर तो मेसेज जपून ठेवा. रात्री नऊ वाजता लहान मुले गाडीत असताना दारात भांडत बसू नका, आधी मुलांना सुरक्षित ठिकाणी न्या. तक्रार दुसऱ्या दिवशी होते, पुरावा हातात असला की नीट होते.

ज्यांनी माणसासारखे वागवले त्यांची नावे एकमेकांना कळवा. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी अशी यादी केली तर आपले ग्रीन बुक एका उन्हाळ्यात तयार होईल. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. या पर्यटनातल्या किती निवासांचे मालक बौद्धवाडीतले आहेत, हेही याच यादीत मोजा. जिथे आपली जागा आहे तिथे दोन खोल्या काढून पाटी लावा, आणि पाटीवर पूर्ण नाव लिहा.

मुंबईहून कोकणात उतरणारा महामार्ग महाडला लागून जातो. तिथे वडापावला थांबता, तसे चवदार तळ्यावरही थांबा. सवड असेल तर मंडणगडला आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी आणि दापोलीजवळ वणंदला रमाईच्या माहेरी वाट वाकडी करा. मुलांना मसूरच्या बैलगाडीची गोष्ट सांगा, ती त्यांच्याच वयाच्या मुलाची गोष्ट आहे. आणि काचेवरचे 'जय भीम' तसेच राहू द्या. मागून येणाऱ्या गाडीतल्या एखाद्या पोराला ते वाचून धीर येईल.

जय भीम!